सिंह बघायला पत्र्याची ट्रंक

माझा मुलगा केनियात रस्ते बांधणाऱ्या कंपनीत लागला, तेव्हा आफ्रिका परभणीच्या पुढे कुठेतरी आहे एवढंच मला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी त्याचं पत्र आलं. थंडीत सुट्टीवर येतो, जाताना तुला घेऊन जातो, जीपमध्ये बसवून रानातले सिंह दाखवतो. कपड्यांचंही लिहिलं होतं. पांढरं नको, जनावरं बुजतात. निळं तर मुळीच नको, तिथली एक चावरी माशी निळ्या रंगावर धावून येते. मातकट लुगडी घे.

आमच्या वस्तीत सगळे हसले. नणंद म्हणाली, "निळ्यावर धावून येणारे तितं बी हायेत का? मग एवढ्या लांब कशाला जायलीस?"

मला सिंहाची हौस नव्हती. मी जाते आहे हे पाटलीणबाईला कळावं, एवढीच हौस होती.

नामांतराची पहिली दंगल झाली तेव्हा शेजारच्या गावातून धूर दिसायला लागला. मी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन पाटलीणबाईच्या मागल्या दाराशी गेले. त्याच दारातून आत जाऊन मी रोज तिचा गोठा झाडायची. ट्रंकेत नवऱ्याचा एकुलता एक फोटो होता, मुलाची शाळेची पुस्तकं होती. म्हटलं, "बाई, एवढी ट्रंक गोठ्यात ठिवा. आमचं आमी बघतो."

"गोठ्यात नको. माज्या म्हशी हायेत तितं," ती म्हणाली आणि आतून कडी लावली.

त्या रात्री घर जळलं, ट्रंक जळली. नवरा आधीच वारला होता, आता त्याचा चेहराही गेला.

म्हणून परभणीहून मातकट लुगडी घेऊन आले ती मुद्दाम पाटलांच्या दारावरून आले. बातमी आधीच पोचली होती. पाटलीणबाईनं हाक मारली, "आक्का, ये की. बस वसरीवर." इतकी वर्षं ती मला 'ए' म्हणायची. माझा कप गोठ्याच्या भिंतीवर पालथा असायचा. आज बशीसकट चहा आला.

"सिंव्ह पिंजऱ्यात असतेत का गं?"

"न्हाई. जनावरं मोकळी. माणसं गाडीत कोंडून हिंडवतेत."

"आगं माय!"

मग तिनं चाकांची सुटकेस माझ्यापुढे ढकलली. गावात कुणी लांब निघालं की तीच मागून न्यायचे, आमच्या वस्तीला कधी मिळाली नव्हती. "ही घिऊन जा. आन् आमच्या धाकट्याचं तेवढं पोराच्या कानावर घाल. बीए होऊन घरीच बसलाय."

मी चहा संपवला. आणखी मागितला, तोही आला. तो संपवून म्हटलं, "सुटकेस गोठ्यात ठिवा."

"गोठ्यात? कामून?"

तिला आठवतच नव्हतं. हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी ते इतकी वर्षं उराशी धरून बसले, आणि हिनं कडी लावून म्हशींना वैरण टाकली असेल, संपलं. मग मी पहिल्यापासून सांगितलं. धूर, ट्रंक, म्हशी, कडी. सून दारात उभी होती, धाकटा आतून बाहेर आला, दोघांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुमच्या पोराचं नाव माज्या तोंडून निघणार न्हाई."

"पोरानं काय केलंय गं तुजं?"

"माज्या पोराच्या पुस्तकांनी तुमचं काय केलतं?"

मी परभणीहून नवी पत्र्याची ट्रंक आणली. मुलगा आल्यावर म्हणाला, "आई, विमानात ट्रंक कुणी नेत नाही." म्हटलं, मी नेते. वर मातकट लुगडी ठेवली, तळाला एक निळं घातलं.

निघायच्या दिवशी जीप सडकेला उभी होती. ट्रंक मी कुणाला उचलू दिली नाही. डोक्यावर घेऊन पाटलीणबाईच्या मागल्या दाराशी गेले आणि उभी राहिले. दार उघडं होतं. तिनं मला बघितलं, उठली आणि दार लोटलं. कडीचा आवाज ऐकला, मग मी सडकेकडे निघाले.

धाकट्याचं नाव मी अजूनही काढलेलं नाही.