हार्ड डिस्कवरची टोपी

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला रुईचं काही नवल वाटत नाही. कापडाचे लूम चार गल्ल्या पलीकडे असले तरी ती खिडकीच्या जाळीत बसते, पंख्याच्या पात्यांवर बसते, आणि संगणकाच्या पोटात तर तिचं माहेरच असतं. तहसील कचेरीजवळच्या माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातली रुई मी वर्षातून दोनदा काढते. काढते म्हणजे काय, संगणकाचा डबा उचलायचा आणि समोरच्या पंक्चरवाल्याकडे न्यायचा. तो टायरमध्ये भरायची हवा आत मारतो आणि सगळं साफ होतं. इथे सगळेच असं करतात, म्हणून त्या सकाळीही मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या सकाळी दिघाशीजवळच्या एका पाड्यावरून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती. पण जमातीच्या पडताळणीसाठी घराण्यातला खूप जुना शाळेचा कागद हवा होता आणि मुदत तीन दिवसांवर आली होती. असा कागद त्यांच्याकडे एकच होता, मुलीच्या पणजोबांच्या नावाचा, शाळेच्या रजिस्टरमधला उतारा. बाईच्या सासऱ्यांनी तो कुठून तरी खटपट करून आणला होता. पुढे सासरे वारले आणि कागद वाळवीने खाल्ला. आता शाळेत जाऊन दुसरा उतारा मागावा, तर शाळा कुठली हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पणजोबांचे आईबाप कोळसा पाडायला डोंगराडोंगरांतून फिरायचे. कुठल्या भट्टीजवळच्या गुरुजींनी पोराचं नाव शाळेत घातलं, ते कोण सांगणार?

"ताई, सासऱ्यानी त्यो कागद तुमच्याच मशिनीत घातला व्हता," बाई म्हणाली. "मी संगती व्हते. तुमी बोललात, आता हरवला तरी भ्या न्हाय."

मी बोललेच असणार. लोकांना धीर देताना माझी जीभ फार सैल सुटते. त्या काळातलं सगळं स्कॅनिंग जुन्या संगणकात होतं आणि तो माळ्यावर पडून होता. "पाच मिनिटांत काढून देते," असं म्हणून मी तो खाली उतरवला. रुईने आतून अगदी गादी झाली होती. मी तसाच पंक्चरवाल्याकडे नेला.

"मॅडम, पुराना माल है, धीरे मारूँ?" त्याने विचारलं.

"अरे मारो, लोहा है, उड़ थोड़ी जाएगा!"

त्याने मारली. मी डबा आणून नव्या संगणकाचा पडदा त्याला जोडला आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, हार्ड डिस्क सापडत नाही. पुन्हा बंद करून चालू केला, तरी तेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मायलेकी बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि खरं सांगते, मी त्यांना टाळण्यासाठी म्हटलं, "तुम्ही चहा घेऊन या."

बाई उठली नाही. "बिघाडला का वो?" तिने सरळ विचारलं.

खोटं बोलायचं फार मनात आलं. "घाई केली मी," म्हटलं. "माझ्याच हातून काहीतरी झालंय. बघते."

ती म्हणाली, "सावकाश करा. आमी हाव हितं." ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

लग्नाआधी मी हार्डवेअरचा एक कोर्स केला होता. जुन्या संगणकात एकाच पट्टीसारख्या केबलवर दोन वस्तू जोडलेल्या असतात, हार्ड डिस्क आणि सीडीचा ड्राइव्ह. त्यातली एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. सरांनी हे शिकवलं तेव्हा मी वर्गात उभी राहून विचारलं होतं, मालक आणि गुलाम सोडून दुसरी नावं सुचली नाहीत का कुणाला? आमच्या घरात असल्या शब्दांना उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. सर म्हणाले, "बाई, पेपरात हेच लिहा, नाहीतर नापास व्हाल." त्या भांडणामुळे तो धडा मात्र माझ्या डोक्यात पक्का राहिला होता. कोण मास्टर हे ठरवते ती हार्ड डिस्कच्या मागच्या पिनांवर बसवलेली डाळीएवढी प्लास्टिकची टोपी. मी डिस्क बाहेर काढून पाहिली, तर पिना उघड्या! टोपी हवेबरोबर उडून गेली होती. आता दोन्ही वस्तू स्वतःला स्लेव्हच समजत होत्या आणि संगणकाला दोघींतली एकही दिसत नव्हती.

म्हणजे डिस्क मेलेली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी पंक्चरवाल्याला तिथूनच हात केला.

टोपी रस्त्यावर शोधण्यात अर्थ नव्हता. सीडीच्या ड्राइव्हलाही तशीच एक असते, ती मी चिमट्याने काढली आणि सीडी ड्राइव्ह सोडवून बाजूला ठेवला. टोपी कुठल्या पिनांवर बसवायची त्याचं चित्र डिस्कच्या लेबलवर होतं, पण माझ्या चष्म्याला ते झेपेना. मुलीने वाचून दाखवलं, "मास्टर, पहिल्या दोन पिना." बसवली. चालू केला. डिस्कचं नाव पडद्यावर उमटलं आणि लगेच खाली दुसरा निरोप आला, चालू होण्याची डिस्क घाला.

आगीतून फुफाट्यात! पण या वेळी मी घाबरले नाही, चिडले. माळ्यावर पडून आतला बटणासारखा सेल संपला होता, त्यामुळे संगणक स्वतःच्या सवयी विसरला होता. सुरू होताना आधी कुठे बघायचं याची त्याची यादी पार बदलली होती. तो आधी फ्लॉपीत बघत होता, मग नेटवर्कच्या केबलवर, आणि हार्ड डिस्कचं तर नावच यादीत नव्हतं. मी डिलीटचं बटण दाबत आत शिरले, हार्ड डिस्कला पहिल्या नंबरावर बसवलं, सेव्ह केलं. "आता फक्त लाइट जाऊ नये," मी म्हटलं, कारण सेल नसल्याने लाइट गेली असती तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. बाईने वर पंख्याकडे बघून हात जोडले.

लाइट गेली नाही. फाइल सापडली. आधी ती पेन ड्राइव्हवर घेतली, मग उघडली, आणि माझा जीव भांड्यात पडला. पिवळट कागद, वाकडं अक्षर, वर शाळेचं आणि मुरबाडकडच्या गावाचं नाव स्पष्ट. बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मुलीने मोठ्याने वाचलं. पणजोबांचं नाव, जमात, दाखल झाल्याचा महिना, शाळा सोडल्याचा महिना. शाळा सोडल्याचं कारण होतं, आईबापाबरोबर कामास गेला. तिने बोटांवर महिने मोजले आणि तिचा आवाज एकदम उतरला.

"आई, चारच महिने होते गं ते शाळेत."

बाई पडद्याजवळ आली. जे वाचता येत नव्हतं त्यावर तिने हलकेच बोट ठेवलं. "चार तं चार," ती म्हणाली. "गेला व्हता ना."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेने शिक्का मारून उतारा दिला, आणि त्या चार महिन्यांच्या जोरावर ती पोरगी आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.