गिळ्याच्या पोटातला आवाज

लव्हॉन टेस्मर आमच्या गावात शाळेची बस चालवायची. बोलायची कमी. मुलं दंगा करायला लागली की ती आरशातून नुसती बघायची, तेवढ्यानं काम भागायचं. लग्न तिनं केलं नाही. आईवडील गेल्यावर ती आणि धाकटा भाऊ रॉल्फ तळ्याकाठच्या घरात दोघंच राहत.

रॉल्फचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. रविवारी चर्चहून आलं की तो घराच्या तळघरात आमचा खेळ मांडायचा. विस्कॉन्सिनातला हिवाळा लांब. माणसाला काहीतरी लागतंच. खेळ असा की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. लढाईत कुणाचं काय होणार ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. सांगणारा रॉल्फ. खेळात आमचा दोस्त गॉर्डी वेल्डर हा कुऱ्हाडवाला बुटका, मी चोर, आणि लव्हॉन म्हणजे ओडा, जखमा बऱ्या करणारी एक काठीवाली म्हातारी.

राक्षस पुष्कळ मारले आम्ही. गिळ्या नावाच्या राक्षसाला मात्र रॉल्फनं कधी समोर आणलं नव्हतं. एखाद्या गावात शिरावं तर घरं रिकामी, चुलीवरचा रस्सा अजून कोमट, आणि विहिरीतून त्याच गावच्या माणसांचं बोलणं ऐकू येतंय. गिळ्या ज्याला गिळायचा त्याचा आवाज पोटात ठेवून घ्यायचा.

"आवाज माणसाचा असतो, बोलत असतो गिळ्या," रॉल्फ म्हणायचा. "आपलं माणूस हाक मारेल तेव्हा हे आठवलं तर बरं."

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये रॉल्फ गोठलेल्या तळ्यावरची आपली मासेमारीची खोपटी गाडीनं ओढून आणायला गेला. बर्फ आतून सडलं होतं. गाडीसकट तो खाली गेला. गाडी सापडली. पाणबुडे आठवडाभर उतरत होते, पण तो सापडला नाही. चर्चमध्ये प्रार्थना झाली, पण लव्हॉननं कबरीचा दगड काही बसवू दिला नाही. "आधी आणा त्याला," एवढंच पाद्रीबाबांना म्हणाली.

त्यानंतर खेळ बंदच पडला. नोव्हेंबरात तिचा फोन आला.

"मर्ल, रविवारी या दोघं. गिळ्या राहिलाय."

"सांगणार कोण?"

"तू. त्यानं तुलाच थोडंफार सांगितलं होतं ना."

नाही म्हणायला हवं होतं की काय, मला अजून कळत नाही. गेलो. तिनं ओव्हनमध्ये बटाटा-खिमा भाजला होता, नेहमीसारखाच. रॉल्फची खुर्ची ओढून माझ्यापुढे ठेवली. तळघराच्या वरच्या खिडकीतून तळं दिसायचं. कडेला नुकतं गोठायला लागलं होतं.

मी आम्हा सगळ्यांना विहिरीतून खाली उतरवलं. खाली गिळ्या होता. त्याला तोंड असं नव्हतंच, होता तो नुसता ओला अंधार. त्यातून भट्टीवाला बोलला, दाईबाई बोलली, एक पोर रडलं. गॉर्डीनं कुऱ्हाड घातली. फाशावर तीन पडले.

"गेली वाया," तो म्हणाला. "लव्हॉन, तू मार."

"मी काठी खाली ठेवते," लव्हॉन म्हणाली. "मी त्याला विचारते, माझा भाऊ तुझ्याकडे आहे का."

गॉर्डीनं माझ्याकडे पाहिलं. "अगं, ओडाला भाऊ कुठे आहे?"

"आहे आता."

खेळ थांबवतो असं म्हणायला मी तोंड उघडलं. रॉल्फची एक लकब होती, हो म्हणताना तो श्वास आत ओढायचा, त्याच्या आजोबांसारखा. मी किती वेळा नक्कल करून पाहिली होती, मला कधी जमली नव्हती. त्या दुपारी माझ्या तोंडून तोच हो आला. मी तो काढला नव्हता.

लव्हॉनचा चेहरा पांढरा झाला.

"पाण्यात गेलास तेव्हा घाबरलास का रे?" तिनं विचारलं.

"थोडा." आवाज माझाच होता, पण शब्द कुठून येत होते मला ठाऊक नव्हतं.

"आणि आता?"

"आता इथं पुष्कळ जण आहेत. ये ना, लव्ही. आत ऊब आहे."

लव्ही तिला एकटा रॉल्फच म्हणायचा. खेळाच्या नियमानं आता तिनं फासा टाकायचा. दहाच्या खाली पडला तर ओडानं चालत आत जायचं. तिनं टाकला. चार.

"ओडा पुढे निघाली," मी म्हणालो. रॉल्फनं नियम केला होता. दुसरं काय म्हणणार?

गॉर्डीनं टेबलावरून हात पुढे करून तिचं मनगट पकडलं. "मी धरलंय तिला."

"त्यालाही फासा लागतो, गॉर्डी."

"मर्ल, मी धरलंय म्हटलं ना."

मी फासा मागितला नाही. लव्हॉन त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "फेब्रुवारी सरला की रॉल्फ मला बर्फावर पाऊल टाकू द्यायचा नाही. काठावरून ओरडायचा, मागे हो म्हणून. तो मला आत बोलावेल?" तिनं डोळे पुसले. "काठी उचलते मी."

तिनं मोकळ्या हातानं फासा टाकला. अठरा.

गिळ्या फाटला. आवाज एकेक करून विझले, आणि कुठला विझला ते तिनं मला नावानं सांगायला लावलं. भट्टीवाला, दाईबाई, ते पोर. "त्याला शेवटी ठेव," म्हणाली. शेवटी मी म्हणालो, "रॉल्फ." घरी जाताना गॉर्डीनं मला विचारलं, ते तू कसं केलंस. मी केलं नाही म्हणालो. त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

जमीन गोठायच्या आत लव्हॉननं दगड बसवून घेतला. खाली काही नाही, वर नाव आणि दोन सालं. नाताळानंतर तिनं पुन्हा आम्हाला बोलावलं, आणि त्या खुर्चीत ती स्वतः बसली. पुढे कित्येक वर्षं तीच सांगायची. तिच्या गोष्टीतले राक्षस चावायचे, जाळायचे, पण बोलत एकही नसे. गॉर्डीनं एकदा गुहेतल्या एका राक्षसाला विचारून पाहिलं, "तू कोण रे?"

लव्हॉननं फासा त्याच्यापुढे सरकवला. "टाक," म्हणाली.