टोकाचं टोपण

नाशिकला शालिमारजवळच्या त्या क्लासची आठवण आली की अजूनही तोंड कडू होतं. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. संगणक एकमेकांना कसे जोडायचे ते शिकवतो म्हणून सरांनी आम्हाला तीन महिने नुसत्या वह्या भरायला लावल्या. यंत्राला हात लावायचा नाही, चपला बाहेर, ही शिस्त मात्र कडक! 'केबलच्या दोन्ही टोकांना टोपण लागते, नाहीतर संदेश पोचत नाहीत,' हे मी पोपटासारखं घोकलं होतं. ते टोपण दिसतं कसं, हे मला ठाऊक नव्हतं. सरांनाही नव्हतं, हे पुढे कळलं.

खरं समजायचं ते वर्गातल्या एकीलाच. नाशिकरोडच्या कॉलनीतली बौद्ध मुलगी होती ती. सिन्नरच्या एका कारखान्याला एक माणूस हवा होता आणि सरांची शिफारशीची चिठ्ठी तिलाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते. नोकरी मलाही हवी होती.

खंडेनवमीला हत्यारं ताटात मांडायचं काम माझ्याकडे आलं. पक्कड मांडली, स्क्रूड्रायव्हर मांडला. केबलच्या टोकाला एक चकचकीत टोपी होती. तिच्यापुढे काहीच जोडलेलं नव्हतं, म्हणून तीही काढली आणि हळदकुंकू वाहून ताटात ठेवली. त्या मुलीनं हात जोडले नाहीत. "सर, आमच्यात नाही करत," एवढंच म्हणाली.

मग माणूस निवडायला आलेल्या कारखान्याच्या साहेबांसमोर सरांनी यंत्रं चालू केली. एक अक्षर इकडून तिकडे जाईना. सर घामाघूम झाले.

"सर, टोकाचं टोपण कुठंय?" तिनं विचारलं. "वहीत आहे आपल्या."

"अक्कल शिकवू नकोस! पूजेला तोंड फिरवलंस, म्हणून हे झालं. बाहेर हो आधी!"

टोपण माझ्यासमोर होतं, ताटात, झेंडूखाली. मला त्याच क्षणी सगळं उमगलं. मी तिला जाऊ दिलं. ती बाहेर गेल्यावर सगळ्यांची नजर चुकवून मी ते उचललं आणि जागेवर बसवलं. पडद्यावर अक्षरं उमटली.

"बघा साहेब," सर म्हणाले, "ती गेली आणि लगेच सुरू झालं!"

साहेबांनी मान डोलावली. सरांनी चिठ्ठी तिथंच माझ्या नावानं लिहिली. त्या दोघांची शिसारी आली मला, पण चिठ्ठी मी घेतली.

ती जिन्यात थांबली होती. "टोपणच होतं ना?" तिनं विचारलं.

"काय की," मी म्हणालो.

ती माझ्या बोटांकडे बघत होती. त्यांना कुंकू लागलेलं होतं.