खालच्या काकांचा चार्ज

एकही गेम न खेळता ग्राफिक्स कार्डावरून आयुष्य ओवाळून टाकणारा दुसरा माणूस जगात असेल असं मला वाटत नाही. जो एक होता तो बदलापूरला, मांजर्लीत, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहत होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून मी त्यांना खालचे काका म्हणायचे. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते शिफ्ट इनचार्ज होते. डोळ्यांवर जाड चष्मा, खिशात दोन पेनं आणि कपड्यांना कायम फिनेलसारखा एक वास. लोक ग्राफिक्स कार्ड घेतात ते गेम खेळायला. पण काकांनी कॉम्प्युटरवर कधी साधी गाडीसुद्धा पळवली नाही. कार्ड किती दमदार आहे हे तपासायचा एक प्रोग्रॅम असतो, त्यात एक तळं दिसतं, त्यावर ऊन पडतं आणि लाटा हलतात. काका पोटावर हात ठेवून ते तळं बघत बसायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, एखादा गेम तरी खेळून बघा ना." ते म्हणाले, "मारामारी आपल्याला आवडत नाही पोरी. मी पाणी बघतो." आतून काकींचा आवाज आला, "नदी पाच मिनिटांवर आहे. ती नाही बघायची. डब्यातली बघायची."

त्या काळात चांगली कार्डं बनवणाऱ्या मुख्य कंपन्या दोनच होत्या. एकीचे खोके लाल, दुसरीचे हिरवे. काका लाल होते. आवड म्हणून नाही, निष्ठा म्हणून. चौदा एप्रिलला बिल्डिंगवर निळा झेंडा लावायला सगळ्यात आधी शिडीवर चढणारा हा माणूस, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांना लाल सोडून रंगच दिसत नसे. टीव्हीवरच्या शोकेसमध्ये काकींच्या शाळेतल्या 'आदर्श शिक्षिका' ट्रॉफीच्या दोन्ही बाजूंना लाल कार्डांचे रिकामे खोके उभे असायचे. काकींनी एकदा त्यात कडधान्य भरलं, तर काका दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

मी इंग्रजी शाळेतली, त्यात बुजरी. घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचे आणि पाहुणे गेल्यावर बाहेर यायचे. काकांकडे मात्र बसायला आवडायचं, कारण तिथे मला बोलावं लागत नसे. मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला गेल्यावर तर त्यांनी मला रीतसर शिष्य करून टाकलं. गेम लिहिणारा आणि कार्ड यांच्यामध्ये जो दुवा असतो, म्हणजे गेमने काय मागायचं आणि कार्डाने ते कसं द्यायचं हे ठरवणारा, तो त्यांनी मला फ्लँजवरून समजावला. "हे बघ, प्लँटमध्ये पाइपला पाइप जोडतात तिथे फ्लँज असतो. उद्या वरून ऑर्डर आली की फ्लँजचं माप बदललं, तर काय होईल? ज्या सप्लायरला आधी वास लागला तो सोन्याचा. दुसरा जुन्या मापाचं गोडाऊन भरून बोंबलत बसणार. डायरेक्टएक्स म्हणजे तो फ्लँज. दर दोन-चार वर्षांनी नवीन व्हर्जन येतं आणि दोन कंपन्यांचं नशीब उलटंपालटं होतं." नवव्या व्हर्जनला लाल कंपनीला आधी वास लागला होता. ती हकिगत काका इतक्या वेळा सांगायचे की माझ्या धाकट्या भावालासुद्धा पाठ झाली होती.

पण त्यांची खरी गंमत म्हणजे लॉगबुक. प्लँटमधल्या रिअॅक्टरचं असतं तसं लांबडं, कापडी पाठीचं रजिस्टर त्यांनी कार्डासाठी घातलं होतं. रकाने पाच: वेळ, तापमान, आवाज, वास, शेरा. कॉम्प्युटर चालू असला की दर अर्ध्या तासाने नोंद. 'वास' या रकान्यात दहा वर्षं 'नाही' लिहिलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "ज्या दिवशी 'आहे' लिहावं लागेल त्या दिवशी कळेल हा रकाना कशाला होता." ते भाजी आणायला निघाले की रजिस्टरच्या तळाशी 'चार्ज दिला' लिहून सही करायचे आणि काकींना 'चार्ज घेतला' लिहून सही करायला लावायचे. काकी हातातलं लाटणं न ठेवता सही करायच्या. पुढे हे काम माझ्याकडे आलं. मी पहिल्या दिवशी इंग्रजीत लिहिलं तर काकांनी खोडलं. "शिफ्ट मराठीत चालते," म्हणाले. माझं मराठी अक्षर आज जे काही वाचता येतं ते त्या रजिस्टरामुळे.

एका पावसाळ्यात नदी मांजर्लीत शिरली, तेव्हा तळमजल्यावरची माणसं रेशनकार्ड, गादी, गॅस सिलिंडर घेऊन वर पळत होती. काका कॉम्प्युटरचं कॅबिनेट उराशी धरून आमच्या दारात उभे राहिले. कमरेखाली भिजलेले, डोक्यावर रजिस्टर. मागून काकी एकट्याच शिलाई मशीन घेऊन येत होत्या. आई म्हणाली, "अहो, वहिनींना हात तरी द्यायचा!" काका गंभीरपणे म्हणाले, "ती पोहते. हे पोहत नाही."

दर रविवारी काका उल्हासनगरला सेठच्या दुकानात भांडायला जायचे. सेठ सिंधी, गोरेपान, गोलमटोल, आणि पक्के हिरवे. दुकानाची पाटी हिरवी, पंखा हिरवा, बिलाचं पुस्तकही हिरवं. पण काऊंटरसमोर एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती. ती काकांची. दुसरं कुणी बसलं तर सेठ उठवायचे, "ये अपोझिशन की सीट है." मग दीड तास नुसती जुगलबंदी. "साईं, तेरा लाल तो गरम होता है, उस पे पापड सेक ले." "सेठ, तुमच्या हिरव्याचा पंखा बंद करा, दुकानात ऐकू येत नाही." काका तिथून काहीही विकत घ्यायचे नाहीत, कारण सेठ लाल ठेवतच नसत. दोघांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

मग दहावं व्हर्जन आलं, आणि मी अडकले.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी काकांच्याच नादाने पाणी घेतलं. उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत कुठल्या गल्लीतून शिरतं, कुठल्या बिल्डिंगला किती चढतं, हे स्क्रीनवर हलतं दाखवायचं. पाणी आपटल्यावर उडणारे थेंब कार्डाने स्वतःच तयार करावेत ही सोय फक्त दहाव्यात होती, म्हणून मी सगळा प्रोग्रॅम दहाव्याच व्हर्जनमध्ये लिहिला. जुन्या कार्डांवर तो चालणार नव्हता. कार्ड नसेल तर तपासण्यापुरता एक सॉफ्टवेअरचा मार्ग असतो, पण तो इतका हळू की एक चित्र उमटेपर्यंत चहा गाळून व्हायचा. दिवाळीनंतर हिरव्या कंपनीचं दहाव्याचं कार्ड बाजारात आलंसुद्धा. काका म्हणाले, "थांब. आपलं येतंय. जानेवारीत." जानेवारीत म्हणाले, "मार्चमध्ये. उशीर होतोय म्हणजे नीट बनवतायत." मी थांबले. नवव्या व्हर्जनमध्ये एक जास्तीची प्रत लिहून ठेवावी एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. काकांच्या लाल कंपनीचा शब्द मी युनिव्हर्सिटीच्या नियमासारखा धरला होता.

ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा, एप्रिलच्या शेवटी होती. कॅम्पसमधून मिळालेली नोकरी फर्स्ट क्लासच्या अटीवर होती, आणि सगळं प्रोजेक्टच्या मार्कांवर आलं होतं. बाहेरच्या परीक्षकासमोर मला तोंड उघडता येणार नाही हे मला माहीत होतं. पाणी बोलेल, एवढीच माझी आशा होती. ओरलच्या आठ दिवस आधी, संध्याकाळी, काका जिना चढून वर आले. पायात चप्पल नव्हती. सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मे महिना म्हणतायत." बाबांनी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. "माझ्या भरवशावर राहिली पोर," ते बाबांना म्हणाले. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, पण या वेळी रडायला.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. काका सकाळची शिफ्ट बदलून घेऊन मला उल्हासनगरला घेऊन गेले. बुधवारी आलेलं बघूनच सेठ चपापले. काका लाल खुर्चीत बसले नाहीत. उभे राहूनच म्हणाले, "सेठ, हिरवं द्या."

सेठनी पंखा बंद केला. "घर में सब ठीक है ना, साईं? भाभीजी?"

"सगळे बरे आहेत. दहाव्याचं द्या. हिरवं."

"तबियत?"

"अहो सेठ, पोरीची परीक्षा आहे! माझं वेळेवर आलं नाही. तुमचं आलंय. अजून किती वेळा बोलायला लावता?"

मला वाटलं आता सेठ हसतील, आजूबाजूच्या दुकानदारांना बोलावतील, दहा वर्षांचा हिशेब चुकता करतील. त्यांनी शोकेसचं कुलूप काढलं. आत एकच कार्ड होतं, हातभर लांब, पूजेच्या झेंडूची वाळकी पाकळी अजून पंख्यात अडकलेली. "ये बेचने का नहीं है," सेठ म्हणाले. "दुकान की शान है. ले जा. बेटी का काम हो जाए तो वापस." काकांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. सेठनी तिथे काय करायचं ते समजून घेतलं आणि 'चार्ज दिला' खाली मोठ्या अक्षरांत सही केली. 'चार्ज घेतला' खाली काकांनी सही केली.

घरी आल्यावर कळलं की ते कार्ड काकांच्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. बोटभर लांब पडत होतं. काकांनी एकदा कॅबिनेटकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि प्लँटमधली हॅक-सॉ काढली. पुरातून उराशी धरून आणलेला तो डबा त्यांनी ओट्यावर आडवा टाकला आणि आतली पट्टी करकर कापून काढली. काकी दारात उभ्या होत्या. त्या लोखंडाचा भुगा झाडायला कुंचा घेऊन आल्या. मग काकांनी कार्ड बसवलं, कॅबिनेट बंद केलं, आणि हिरवा रंग दिसू नये म्हणून कॅबिनेटच्या खिडकीवर वर्तमानपत्र चिकटवलं. "पाहुणा आहे," म्हणाले. पहिल्यांदा माझं पाणी पूर्ण वेगाने हललं तेव्हा थेंब खरंच उडाले. काका चष्मा काढून पुसत राहिले. त्या दिवशीचा शेरा असा आहे: 'तापमान ठीक. आवाज कमी. वास नाही. मान्य करावे लागेल.'

ओरलला काकांनी रजा टाकली. कॅबिनेट रिक्षात मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला "भाऊ, हळू, बाळंतीण आहे" म्हणत ते कॉलेजपर्यंत आले आणि लॅबच्या दाराशी उभे राहिले. परीक्षकांनी विचारलं, हे जुन्या व्हर्जनमध्ये का नाही केलं? मी नजर चुकवून दाराकडे बघितलं. काकांच्या खिशातली ती दोन पेनं दिसली, आणि मी म्हटलं, "सर, समजा प्लँटमध्ये फ्लँजचं माप बदललं..." पुढची दहा मिनिटं मी बोलत होते. तेवढं सलग मी त्याआधी कधी बोलले नव्हते. स्क्रीनवर नदी चढत आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्यांशी आली तेव्हा दारातून हळूच ऐकू आलं, "ही माझी पायरी." परीक्षक वळले. "हे कोण?"

"शिफ्ट इनचार्ज," मी म्हटलं.

मला फर्स्ट क्लास मिळाला. काकांनी ते कार्ड पेढ्यांसकट परत नेऊन दिलं आणि त्या दिवशी लाल खुर्चीत बसले. सेठ म्हणाले, "आज लड़ेगा नहीं?" काका म्हणाले, "आज सुट्टी." पुढे मे महिन्यात लाल कार्ड आलं, काकांनी घेतलंही, आणि ते बऱ्यापैकी तापायचं हे रजिस्टरात प्रामाणिकपणे लिहिलंही. रविवारची भांडणं पुन्हा सुरू झाली. फक्त आता सेठ 'पापड' म्हणायचे नाहीत.

दोन वर्षांनी काकांच्या कंपनीने प्लँट गुजरातला हलवला, आणि त्याच्याबरोबर काका-काकीही गेले. निघायच्या दिवशी टेम्पोत ट्रॉफी, शिलाई मशीन, खोके, कापलेलं कॅबिनेट सगळं चढलं. काका वर आले आणि रजिस्टर माझ्या हातात देऊन खाली उतरले. टेम्पो वळल्यावर मी शेवटचं पान उघडलं. काकांच्या अक्षरात तीन ओळी होत्या. 'अकरावे व्हर्जन येत आहे. या वेळी आपले आधी येईल. रविवारी सेठकडे जाणे, खंड पडू देऊ नये.' खाली 'चार्ज दिला' आणि सही. शेजारचा 'चार्ज घेतला'चा रकाना कोरा होता.

तो बरेच आठवडे कोराच राहिला. मग लाल कंपनीचं अकराव्याचं कार्ड खरोखर आधी बाजारात आलं, हिरव्याचा पत्ता नव्हता. त्या रविवारी मी ऑफिसच्या बॅगेत रजिस्टर घालून उल्हासनगरला गेले. लाल खुर्ची तिथेच होती. तिच्यावर धूळ नव्हती. मी दारात दोन मिनिटं उभी राहिले, मग जाऊन तिच्यावर बसले. सेठनी हिशेबातून मान वर केली, त्यांचं तोंड उघडलं, पण त्यांनी मला उठवलं नाही.

मी म्हटलं, "सेठ, तुमच्या हिरव्याचं अकरावं कुठे अडकलंय?"

सेठनी पंखा बंद केला, ऐकू यावं म्हणून. आणि मी पेन काढून कोऱ्या रकान्यात मराठीत सही केली.