केकच्या डब्यांतले आवाज

१४ जून २००७, गुरुवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. लीड्सच्या एका कॉलेजात खाली प्रोफेसर मार्व्हांचा निरोपसमारंभ चालू होता आणि वर त्यांची खोली रिकामी केली जात होती.

माझी भाची रिया त्यांची विद्यार्थिनी. "मावशी, तुम्ही यायचंच," म्हणाली, म्हणून लंडनच्या वेम्बलीहून निघाले. जाणार असाल तर सकाळचा कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस घ्या. ट्रेनपेक्षा स्वस्त, पाय मात्र आखडतात. ईलिंग रोडवरच्या गुजराती दुकानातले ठेपले बरोबर ठेवा. वाटेतलं सँडविच मी शत्रूलाही देणार नाही.

मार्व्हाबाई त्रिनिदादच्या. कॅरिबियन साहित्य अभ्यासक्रमात यावं म्हणून तीस वर्षं भांडल्या. शिवाय बेटांवरून आलेल्या नर्सबायकांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी त्यांच्या कहाण्या टेप केल्या. कुणाला भाड्याने खोली नाकारली, कुणाला वॉर्डात काय ऐकवलं, सगळं. आपल्यासारखेच त्या बेटांवरचे लोकही रिकामा डबा टाकत नाहीत. टेप ठेवल्या नाताळच्या केकच्या डब्यांत.

भाषणानंतर वर गेलो, तर डब्यांचं कपाट मोकळं.

"ते जुने केक ना?" ऑफिसातली बाई म्हणाली. "फूड वेस्ट. पॉलिसी आहे."

"उघडून पाहिलंत?" मी विचारलं.

"वास येईल म्हणून नाही उघडले."

"केक खडखडतो का हो?" कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडी मारून शिकवलेलं माझं इंग्रजी त्या दिवशी सार्थकी लागलं.

"मावशी, हळू बोला, सगळे बघतात!"

"बघू देत."

कचऱ्याची गाडी कधीच निघून गेली होती. रियाने घाबरत विचारलं, "कॉपी?"

"आता उन्हाळ्यात करणार होते," मार्व्हाबाई म्हणाल्या आणि जिन्यातच बसल्या. जरा वेळाने एकेक नाव घेऊ लागल्या. निळ्या डब्यात कोण, गोल डब्यात कोण, कोण आता हयात नाही. रिया निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहीत होती. एकवीस नावं झाली.

घरी येऊन महिना होत आला. लीड्स कसं होतं, असं शेजारीण विचारते, तेव्हा मला तो जिनाच आठवतो.

म्हणून कॉलेजला इथेच, या लेखातून सांगते. ते डबे कुठे टाकले, आणि त्या एकवीस जणींच्या घरी जाऊन माफी कोण मागणार, याचं उत्तर ३१ जुलै, संध्याकाळी पाचपर्यंत द्या. फोन नको. लेखी हवं. तोंडी सांगितलेलं तुमच्याकडे टिकत नाही.