अस्वलाला ऐकू जाईल असं

मोताळ्यात भाड्याच्या खोलीत मी दीड वर्ष राहिलो आणि त्या दीड वर्षात माझ्याशी कोणी भांडलं नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती. आमच्याकडे माणूस आपला वाटला की त्याच्याशी लोक आधी भांडतात.

जंगलाकाठच्या गावांत जाऊन लोकांना वन्यप्राण्यांबद्दल सांगणं हे माझं काम होतं. मागे हिरवा बॅनर, त्यावर अस्वलाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत 'वन्यजीव संवर्धन'. समोर सतरंजीवर गाव. मी माहितीपत्रकं वाटायचो आणि अन्नसाखळीपासून सुरुवात करून जैवविविधतेपर्यंत पोचायचो. लोक माना डोलवत, चहा पाजत, 'छान सांगितलं साहेब' म्हणत आणि निघून जात. कार्यक्रम संपल्यावर माझ्यापाशी कोणी रेंगाळत नसे. काळीपिवळी जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतील, पण माझ्या शेजारची जागा शेवटी भरायची. शिकलेल्या माणसाचा दबदबा असतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खोलीवर येऊन खानावळीचा डबा उघडायचो आणि भिंतीकडे बघत जेवायचो. ऑफिसला फोनवर सांगायचो, प्रतिसाद उत्तम आहे. मनात मात्र म्हणायचो, गाढवापुढे वाचली गीता.

खरं तर मी परका नव्हतो. माझं घर शेजारच्याच नांदुऱ्याचं. पण अठराव्या वर्षी पुण्याला शिकायला गेलो, पहिल्याच आठवड्यात तोंडून 'मले' निघालं आणि खोलीतल्या पोरांनी महिनाभर मला त्याच नावाने हाक मारली. मग मी जीभ घासूनपुसून लखलखीत केली. इकडे नोकरी मिळाली तरी ती तशीच ठेवली. त्या लखलखाटाचा मला अभिमान होता, हे कबूल करायला हवं.

माघात एका गावाहून निरोप आला. गावाबाहेरच्या नाल्याच्या कपारीत अस्वलाची मादी पिल्लं घेऊन राहिली होती आणि बाजाराचा दिवस गेला की लोक नाला पेटवून देणार होते. घाणेरीची झुडपं आणि वाळलेलं गवत, एक काडी पुरली असती. पिल्लांना अजून धड पळता येत नसणार. मी बॅनर घेऊन धावलो.

पारापाशी माणसं जमली. मी कळकळीने बोललो, नेहमीपेक्षा जास्तच. अस्वलाचं संवर्धन ही आपली सामूहिक जबाबदारी आहे, असंही म्हणालो. माना नेहमीसारख्या डोलल्या. मग मागून एक बाई उभी राहिली. पन्नाशीची असेल. नाल्याला लागून तिचं वांग्याचं आणि मेथीचं वावर होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यावर अस्वलाने हल्ला केला होता, त्यात त्याचा एक डोळा आणि अर्धा गाल गेला. तेव्हापासून तो गावात येत नसे, मळ्यातल्या गवती झोपडीत, कोपीतच राही. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. दीड वर्षात मी त्या गावात चार वेळा बोलून गेलो होतो.

"साहेब, राग नका मानू," ती म्हणाली. "पशुसंवर्धनचा डॉक्टर येते, तो गाई वाढवते. तुमी अस्वलं वाढवता. वाढवा बाप्पा, तुमची नोकरी हाये. पण आमच्याच नाल्यात काऊन आणून सोडलं?"

कोणी हसलं नाही. कोणी तिला गप्पही केलं नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले आणि माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. 'संवर्धन' हा शब्द त्यांना ठाऊक होता, पण तो तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यावरच्या पाटीवर, जिथे गाय फळवायला नेतात. दीड वर्ष मी गावोगाव बॅनर लावून सांगत फिरत होतो की अस्वलांची पैदास करणारा तो मीच. लोकांनी माझं बोलणं नीट ऐकलं होतं आणि त्यावर विश्वासही ठेवला होता. माझ्या शेजारी न बसण्याचं कारण एवढंच होतं.

माझी लखलखीत जीभ बाजूलाच राहिली. तोंडातून निघालं ते वेगळंच निघालं.

"म्या नाई सोडलं, काकू. मले तं घरचं मांजरही सांभायता येत नाई."

आता सगळे हसले. एकाने मला गाव विचारलं, मी नांदुरा सांगितलं. तेव्हा तिने कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "मंग इतके दिवस आमच्याशी असं काऊन बोलत होते?"

मी घाईने अस्वलाचा विषय काढला. पिल्लं चालती झाली की मादी त्यांना घेऊन जंगलात जाईल, पंधरा दिवस थांबा, एवढंच साध्या शब्दांत मागितलं. आता लोक भांडायला लागले. एक म्हणाला, पंधरा दिवसांत कोणाचा जीव गेला तर? दुसरा म्हणाला, वनखात्याला इथे राहायला पाठव. शेवटी सगळ्यांचं ठरलं की पहाटे नाल्याकाठी वाकून भाजी खुडते ती ही बाई, तेव्हा तिनेच सांगावं.

ती मागून पुढे आली. मग म्हणाली, "तुमच्या कागदावर लिवलं हाये, मोठ्यानं बोलत जा म्हंजे अस्वल दूर राह्यते. मले एकटीले काय बोलावं सुचत नाई. तुमाले बोलायची सवय हाये. रोज या अन् बोला."

म्हणून मी रोज दिवस उगवायच्या आधी उसन्या मोटारसायकलने तिच्या बांधावर जाऊन उभा राहू लागलो. ती वांगी तोडायची, मी नाल्याकडे तोंड करून मोठमोठ्याने बोलायचो. वन्यजीवांबद्दलचं माझं सगळं ज्ञान पहिल्याच सकाळी, मेथीचे दोन वाफे खुडून व्हायच्या आत संपलं. दुसऱ्या दिवशी मी पाढे म्हटले. तिसऱ्या दिवशी खानावळीच्या डाळीला शिव्या दिल्या, तेव्हा ती वाफ्यातून म्हणाली की हे बरं हाये. मग सुटलोच. हॉस्टेलची पोरं, मोडलेलं लग्न, खोलीतलं एकटेपण, सगळं ओरडून सांगितलं. आणि आमच्या बोलीत सांगितलं. कोपीच्या दाराशी तिचा नवरा पाठमोरा बसलेला असे, डोक्यावरून दुपट्टा घेतलेला. त्याने एकदाही मान वळवली नाही. त्याला माझा राग येत असेल तर तो रास्त आहे, असं मी धरून चाललो होतो.

तेराव्या दिवशी मी आईचं सांगायला लागलो. ती नांदुऱ्याहून फोन करायची आणि खोलीत पोरं असायची, म्हणून मी तिच्याशीही पुस्तकातलं बोलायचो. ती आधी हसली. मग हळूहळू फोनवर अडखळायला लागली, शब्द शोधायला लागली, आपल्याच पोराशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करायला लागली. एकदा तर मला 'तुम्ही' म्हणाली. तिथेच मी बोलणं तोडलं. मी पाण्याची बाटली काढली आणि उरलेला वेळ रिकामा डबा वाजवून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या ओल्या रेतीत ठसे दिसले. एका मोठ्या अस्वलाचे, दोन पिल्लांचे, जंगलाकडे गेलेले. आणखी दोन दिवस पाहिलं, परतीचे ठसे नव्हते. नाला कोणी पेटवला नाही. माझ्या नोकरीत एवढं धडधडीत यश मला कधी मिळालं नव्हतं, आणि मला रडू येत होतं.

बाईने मेथीची जुडी माझ्या हातात ठेवली. "गेली ते. आता तुमाले यायचं काम नाई," ती म्हणाली. मी मान हलवून गाडीकडे निघालो. खोलीवर जाऊन भिंतीशी काय बोलायचं, याचाच विचार करत होतो.

"थांबा," ती मागून म्हणाली. "आमचे हे पुसून राह्यले. तुमच्या मायचं पुढं काय झालं?"

मी वळलो. तो उठून बांधापर्यंत आला होता. दुपट्टा खांद्यावर होता आणि त्याचा चेहरा मी पहिल्यांदा समोरून पाहिला. त्याने राहिलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, उत्तराची वाट बघत.

"काई नाई, दादा," मी म्हणालो. "तिनं फोन करनं कमी केलं. गेली तवा मी पुण्यातच होतो."

तो बांधावर बसला आणि शेजारची जागा त्याने हाताने झाडली. मी बसलो. नाल्यात आता कोणी नव्हतं, मोठ्याने बोलायची गरज नव्हती.