डाव्या हाताची नखं

गंगाखेडला मी भाड्यानं राहायचे, तेव्हा समोरच्या ओट्यावर एक म्हातारी रोज दुपारी नखं घासत बसायची. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. आधी कोमट पाण्यात बोटं बुडवायची, पुसायची, मग बारीक कानशीनं कडेकडून मधे, एकाच दिशेनं घासायची. झालं की प्रत्येक नख गालावरून फिरवून बघायची. पण हे सगळे लाड फक्त डाव्या हाताचे. उजव्याची नखं लांब, पिवळी, टोकदार.

शेवटी एकदा मी विचारलंच, "मावशी, एकाच हाताची का?"

"आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरत्यात, माय. डाव्या तळहातावर लिंग ठेवत्यात. मेल्यावर बी नखं वाढत्यात म्हणं. देवाला टोचायला नको."

"आणि उजव्याची?"

तिनं उजवा हात उन्हात धरला, उलटापालटा करून पाहिला.

"उजवा मोकळाच असतोय. आत बसल्यावर जाग आली, तर माती उकरायला लागंल की."

ती हसली नाही.

घरी येऊन मी नेलकटर काढलं. डाव्या हाताची नखं कापली, आणि उजव्यापाशी थबकले.